ट्रेन सिम्युलेटर म्हणजे काय? प्रदर्शनातलं केबिन, फोनवरचा गेम आणि बीडची नवी लाईन

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड स्टेशनवरून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. त्या दिवसाचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर आले असतीलच. बीड, शिरूर, पाटोदा या भागातल्या कितीतरी पोरांनी त्याआधी रेल्वे चालवली होती, पण ती फोनच्या स्क्रीनवर. म्हणजे गाडीत बसायच्या आधीच हे लोक ड्रायव्हर झाले होते. (परळीकरांनी रागावू नये. तुमच्याकडे निजामाच्या काळापासून गाडी आहे, हे माहीत आहे.)

तर आज आपण ट्रेन सिम्युलेटर हा प्रकार नीट समजून घेऊ. रेल्वेच्या हेरिटेज प्रदर्शनात आणि म्युझियममध्ये तो का ठेवतात, आपल्या फोनवरच्या गेमपेक्षा तो किती वेगळा असतो, आणि एखादा गेम खरा आहे की नुसता दिखावा हे पाच मिनिटांत कसं तपासायचं, ते पाहू. शेवटी शाळा-कॉलेजात असा स्टॉल लावायचा असेल तर काय लागतं तेही सांगतो.

सिम्युलेटर आणि साधा गेम यात फरक काय?

साध्या ट्रेन गेममध्ये गाडी म्हणजे रुळावरची कार असते. बटण दाबलं की पळते, सोडलं की थांबते. सिम्युलेटरमध्ये मात्र गाडीला वजन असतं. किती डबे, किती टन, चढ किती, रूळ ओले की कोरडे, ब्रेकच्या पाईपमध्ये हवा किती, हे सगळं कॉम्प्युटर सेकंदाला कित्येक वेळा मोजत असतो आणि त्यावरून पुढच्या क्षणी वेग किती असेल ते ठरवतो. स्क्रीनवरची झाडं, डोंगर, प्लॅटफॉर्म हा वरचा मुलामा. गणित खाली चालू असतं.

या प्रकाराला पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास आहे. जपानमध्ये १९९६ साली टायटो कंपनीनं ‘देन्शा दे गो’ हा गेम आर्केडमध्ये आणला. त्यात ना शर्यत होती ना मारामारी. लोकल गाडी वेळेवर आणायची आणि प्लॅटफॉर्मवरच्या खुणेवर अचूक थांबवायची, एवढंच. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण लोकांनी रांगा लावून खेळलं. त्याच काळात तिथल्या ‘कॅसिओपिया’ या बँडचे कीबोर्डवादक मिनोरू मुकाया यांनी खऱ्या मार्गाचं व्हिडिओ चित्रण वापरून ट्रेन सिम्युलेटर बनवले. पुढे त्यांच्या कंपनीनं रेल्वे कंपन्यांच्या प्रशिक्षणासाठी आणि म्युझियमसाठीही सिम्युलेटर तयार केले. गाणं-बजावणं करणाऱ्या माणसाचा छंद थेट ड्रायव्हरच्या ट्रेनिंगपर्यंत गेला, हा किस्सा मला फार आवडतो.

२००१ मध्ये दोन मोठी नावं आली: मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर आणि ऑस्ट्रेलियाच्या ऑरान कंपनीचा ट्रेन्झ. या दोन्हींनी एक दार उघडलं. खेळणाऱ्याला स्वतःचे रूट, स्टेशनं आणि इंजिनं बनवून आत टाकता येऊ लागली. मायक्रोसॉफ्टनं पुढे तो गेम सोडून दिला, पण जगभरच्या स्वयंसेवकांनी त्याच फाइल चालवणारा ‘ओपन रेल्स’ हा मोफत आणि मुक्त स्रोत प्रोग्रॅम लिहिला. त्याची १.० आवृत्ती २०१४ साली आली आणि तो आजही वापरात आहे. भारतीय रेल्वेप्रेमींनी आपली इंजिनं आणि डबे यात आणले तेही याच वाटेनं. फोनवर बघायचं तर चेन्नईच्या हायब्रो इंटरॲक्टिव्हचा ‘इंडियन ट्रेन सिम्युलेटर’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल.

प्रदर्शनात सिम्युलेटर कशाला?

दरवर्षी १६ एप्रिलच्या आसपास रेल्वे सप्ताह असतो, कारण १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. या निमित्तानं जुने कंदील, टोकन, तिकिटं छापायची यंत्रं, फोटो अशा वस्तूंची प्रदर्शनं भरतात. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरो गेज रेल म्युझियम आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम १९९८ पासून आहे. तिथे छोटं शहरच उभं केलंय आणि त्यात गाड्या धावतात.

पण जुन्या इंजिनाची एक अडचण असते. ते उभं असतं. तुम्ही त्याच्या चाकाला हात लावता, केबिनमध्ये चढता, सेल्फी काढता, उतरता. त्या माणसानं आठ-दहा तास तिथे उभं राहून काय केलं, हे त्या लोखंडाकडे बघून कळत नाही. आपल्या ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी ६ डिसेंबर १९९५ ला शेवटची धावली. म्हणजे आज विशीत असलेल्या कुणीही ती रोजच्या कामात धावताना पाहिलेली नाही.

हीच रिकामी जागा सिम्युलेटर भरतो. दिल्लीच्या चाणक्यपुरीत १९७७ साली सुरू झालेल्या नॅशनल रेल म्युझियममध्ये वाफेच्या आणि डिझेलच्या इंजिनाचे सिम्युलेटर ठेवलेत. जपानमध्ये ओमियाच्या रेल्वे म्युझियममध्ये डी-५१ या वाफेच्या इंजिनाचा सिम्युलेटर आहे आणि लोकलचेही आहेत. वाफेच्या सिम्युलेटरवर बसलात की पहिल्या मिनिटात एक गोष्ट कळते: इथे ॲक्सिलरेटर नावाची वस्तूच नाही. भट्टीत कोळसा कमी पडला की वाफ कमी, वाफ कमी की चढावर गाडी दमली. बॉयलरमध्ये पाणी कमी झालं तर धोका, आणि जास्त गार पाणी एकदम घेतलं तर प्रेशर पडतं. ड्रायव्हर आणि फायरमन ही जोडी का लागायची, ते दहा पानं वाचण्यापेक्षा तिथे लवकर समजतं. ओपन रेल्समध्येही फायरमनचं काम स्वतः करायचा पर्याय आहे. एकदा करून बघाच. मी पहिल्यांदा केलं तेव्हा अर्ध्या चढावर गाडी उभी राहिली आणि पुढची वीस मिनिटं मी फक्त वाफ जमवत बसलो होतो.

ब्रेक बघा, ग्राफिक्स नको

आता मुद्द्याचं. प्ले स्टोअरवर ‘ट्रेन सिम्युलेटर’ शोधलं की ढीगभर गेम येतात. सगळ्यांच्या फोटोत वंदे भारत चमकत असते. खरा कोणता हे कसं ओळखायचं? माझं उत्तर एकच आहे: ब्रेक लावून बघा.

आधी रेल्वेचा ब्रेक चालतो कसा ते पाहू. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक पाईप गेलेला असतो, त्याला ब्रेक पाईप म्हणतात. आपल्याकडे त्यात हवेचा दाब ५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतका ठेवतात. गंमत अशी की हवा भरल्यावर ब्रेक सुटतात आणि हवा सोडल्यावर लागतात. म्हणजे मध्येच डबे तुटले, पाईप फाटला, हवा निघून गेली, तर गाडी आपोआप थांबते. ड्रायव्हर हँडल फिरवतो तेव्हा तो त्या पाईपमधली थोडी हवा बाहेर सोडतो. दाब ५ वरून ४.५ च्या आसपास आला तर हलका ब्रेक, साडेतीनवर आला तर पूर्ण सर्व्हिस ब्रेक, आणि शून्यावर गेला तर इमर्जन्सी. आपल्या बऱ्याच डिझेल आणि इलेक्ट्रिक इंजिनांत पूर्ण गाडीच्या ब्रेकचं हँडल ‘ए-९’ आणि फक्त इंजिनाच्या ब्रेकचं ‘एसए-९’ म्हणून ओळखलं जातं. ज्या गेममध्ये ही दोन हँडलं वेगळी आहेत, तो बनवणाऱ्यानं गृहपाठ केलाय असं समजायला हरकत नाही.

आता परीक्षा. गेममध्ये प्रवासी गाडी ताशी ८० किलोमीटरवर न्या. सपाट जागा बघा. पूर्ण ब्रेक लावा आणि दुसऱ्या फोनवर किंवा घड्याळावर सेकंद मोजा.

ताशी ८० म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. प्रवासी गाडी नेहमीच्या पूर्ण ब्रेकनं दर सेकंदाला सुमारे अर्धा मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी करते असं धरा. मग थांबायला ४४ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात गाडी जवळपास ५०० मीटर पुढे जाते. ताशी १०० असेल तर पाऊण किलोमीटरच्या वर. इमर्जन्सी ब्रेकमध्ये हे अंतर कमी होतं, पण तरी थांबायला २५ सेकंदांच्या आसपास धरा. तुमच्या गेममधली गाडी आठ-नऊ सेकंदांत थांबली तर ती कारसारखी थांबली. खऱ्या गाडीत तसा ब्रेक लागला असता तर उभे असलेले सगळे प्रवासी एकमेकांच्या अंगावर पडले असते. असा गेम खेळू नका असं म्हणत नाही, टाइमपास म्हणून चालेल. फक्त त्याला सिम्युलेटर म्हणू नका.

याहून कडक परीक्षा मालगाडीची. परळीच्या औष्णिक वीज केंद्रासाठी कोळसा रेल्वेनं येतो हे बीड जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. कोळशाच्या उघड्या वॅगनची पूर्ण भरलेली गाडी म्हणजे ५८-५९ वॅगन, एकेक सुमारे ८१ टनांची. सगळी मिळून पावणेपाच हजार टनांच्या आसपास. अशा गाडीत ड्रायव्हरनं हवा सोडली की तो इशारा पाईपमधून शेवटच्या वॅगनपर्यंत जायला काही सेकंद जातात. त्यावर मालगाडीच्या ब्रेक सिलिंडरमध्ये पूर्ण दाब यायलाच १८ ते ३० सेकंद लागतील अशी रचना मुद्दाम केलेली असते. प्रवासी डब्यात हेच काम ३ ते ५ सेकंदांत होतं. मालगाडीत मुद्दाम उशीर का? पुढच्या वॅगन झटकन थांबल्या आणि मागच्या अजून ढकलत असल्या तर जोडणीवर जबरदस्त धक्का बसतो, डबे घसरू शकतात. आणि एकदा लावलेला ब्रेक सुटायलाही पाऊण-एक मिनिट लागतं. म्हणून मालगाडीचा ड्रायव्हर पुढचा सिग्नल बघून आत्ताचा ब्रेक ठरवतो. चांगल्या सिम्युलेटरमध्ये मालगाडी घेतली की पहिल्या दहा वेळा तुम्ही सिग्नल ओलांडून जाणार, हे नक्की. दहाव्या वेळेनंतर पिवळा दिसला की हात आपोआप हँडलकडे जातो.

सिग्नलचंही तेच. आपल्याकडे हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा आणि लाल असा क्रम बऱ्याच मार्गांवर असतो. दोन पिवळे म्हणजे पुढचाही सिग्नल सावध करणारा मिळणार, आतापासून तयारी ठेव. हा सगळा खटाटोप ब्रेकसाठीच आहे. लाल दिसल्यावर ब्रेक लावला तर उशीर झालेला असतो, म्हणून एक-दोन किलोमीटर आधीपासून सांगत यावं लागतं. रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ लिहिलेलं दिसतं ना? सीटी, फाटक. पुढे फाटक आहे, हॉर्न वाजव. काही भारतीय रूटमध्ये ही पाटीसुद्धा बनवलेली असते, आणि ती दिसली की मला उगाच आनंद होतो.

हे फक्त गेमपुरतं नाही. नवी लाईन ज्या गावांजवळून गेली तिथे लोकांना एसटीची आणि ट्रकची सवय आहे. समोर माणूस दिसला की एसटीचा ड्रायव्हर ब्रेक मारतो आणि पन्नास-साठ मीटरमध्ये गाडी उभी राहते. रेल्वेचा ड्रायव्हर तुम्हाला बघतो, हॉर्न वाजवतो, इमर्जन्सी लावतो आणि तरी गाडी तुमच्यापर्यंत येते. त्याच्या हातात आणखी काही उरलेलं नसतं. धाकट्या भावाला हे तोंडी सांगून पटत नसेल तर गेममध्ये ८० च्या वेगानं ब्रेक लावायला द्या आणि गाडी कुठे थांबते ते त्यालाच बघू द्या.

फोनवर खेळताना

काही व्यवहाराच्या गोष्टी. ट्रेन गेमला तुमचे कॉन्टॅक्ट आणि एसएमएस वाचायचं काही कारण नाही. अशी परवानगी मागितली तर नाकारा, तरी अडून बसला तर गेम काढून टाका. ‘सगळे रूट अनलॉक’ म्हणत टेलिग्रामवर फिरणाऱ्या एपीके फाइल घेऊ नका. त्यात गेमसोबत दुसरं काय येतंय हे तुम्हाला दिसत नाही, आणि त्याच फोनवर तुमचं यूपीआय असतं. रूटच्या फाइल मोठ्या असतात, तेव्हा डाउनलोड करण्याआधी फोनमध्ये जागा बघा. हेडफोन लावा, कारण इंजिनाच्या आवाजावरून बरंच कळतं. चार्जिंगला लावून खेळलात तर फोन तापणार आणि तापला की गेम अडखळणार.

फोनवर बोटानं सरकवायच्या हँडलमध्ये एक मर्यादा राहतेच. खऱ्या डिझेल इंजिनाच्या थ्रॉटलला आठ खाचा असतात, त्यांना नॉच म्हणतात, आणि एकेक नॉच चढवत जायचं असतं. बोटानं सर्रकन आठवर नेलं तर खऱ्या इंजिनात चाकं घसरू शकतात. लोखंडावर लोखंड, त्यात पाऊस पडलेला असला की पकड आणखी कमी. चांगला सिम्युलेटर इथे चाकं घसरवून दाखवतो, साधा गेम नुसता वेग वाढवतो. ही दुसरी परीक्षा म्हणा हवं तर.

खऱ्या केबिनमधली एक गोष्ट बहुतेक गेममध्ये नसते. ड्रायव्हरनं मिनिटभर कुठल्याच हँडलला हात लावला नाही तर इशाऱ्याचा दिवा लागतो, मग बझर वाजतो, आणि तरी काही केलं नाही तर गाडी स्वतः ब्रेक लावते. ड्रायव्हर जागा आहे ना, हे बघायची ती सोय आहे. गेममध्ये ती टाकली तर आपण रील बघत बघत गाडी चालवू शकणार नाही, म्हणून टाकत नसावेत.

आपली लाईन गेममध्ये कधी येणार?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. अहिल्यानगर–बीड–परळी वैजनाथ हा मार्ग २६१ किलोमीटरचा. मंजुरी १९९५ च्या सुमाराची, खर्च केंद्र आणि राज्य यांनी निम्मा-निम्मा करायचा. न्यू आष्टीपर्यंतच्या ६६ किलोमीटरवर २३ सप्टेंबर २०२२ ला गाडी सुरू झाली आणि तीन वर्षांनी ती बीडला पोचली. तेव्हा बीड ते परळी हा टप्पा बाकी होता. लहानपणी घोषणा ऐकलेली माणसं पन्नाशीला आली, तेव्हा गाडी दिसली. मोठ्या गेम कंपन्या अशा लाईनच्या मागे लागत नाहीत, त्यांना मुंबई-पुणे, दिल्ली-आग्रा परवडतं. पण मघाशी सांगितलं तसं, ट्रेन्झ आणि ओपन रेल्समध्ये रूट स्वतः बनवता येतो.

ओपन रेल्ससाठी कॉम्प्युटर लागतो, फोनवर ते चालत नाही. जमिनीचे चढउतार कुठून आणायचे? २००० साली अमेरिकेच्या अवकाशयानातून रडारनं पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची मोजली होती. ती ‘एसआरटीएम’ नावाची माहिती मोफत मिळते. ओपन रेल्ससाठी ‘टीएसआरई’ नावाचा मोफत एडिटर आहे. त्यात ही उंची भरली की बालाघाटच्या रांगा स्क्रीनवर उभ्या राहतात. रुळांची रेघ ओपनस्ट्रीटमॅपवर बघता येते. मग रूळ टाकणं, पूल, स्टेशनं, झाडं. काम किचकट आहे. एकट्यानं करायचं तर वर्ष कुठे गेलं कळत नाही, चौघांनी वाटून घेतलं तर जमतं. सुरुवात दोन स्टेशनांमधल्या टप्प्यापासून करा. पूर्ण मार्ग एकदम घेणाऱ्यांचे रूट अर्धेच राहतात.

या मार्गावर सुरुवातीला धावलेली गाडी डेमू प्रकारची. डिझेल इंजिन वीज तयार करतं आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी फिरतात. दोन्ही टोकांना केबिन असल्यामुळे शेवटच्या स्टेशनवर इंजिन फिरवून लावायची भानगड नाही. सिम्युलेटरमध्ये शिकायला हीच गाडी सोपी: डबे थोडे, ब्रेक लवकर लागणारे.

फोटो आणि आवाज गोळा करायचे असतील तर तिकीट काढून डब्यात बसा आणि खिडकीतून घ्या, हात बाहेर न काढता. रुळांवर उतरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि ब्रेकचं गणित वर केलंच आहे.

बार्शी लाईट: जी लाईन आता फक्त अशीच चालवता येईल

नव्या लाईनपेक्षाही माझा जीव एका जुन्या लाईनमध्ये अडकलाय. बीड जिल्ह्याच्या दक्षिणेला, फार दूर नाही, बार्शी लाईट रेल्वे होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं ती उभी केली. रूळ फक्त अडीच फूट रुंद, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज जोडलं गेलं. कॅलथ्रॉपची युक्ती अशी की इंजिन असो वा डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही. म्हणजे रूळ हलके चालतात आणि लाईन स्वस्तात होते. वारीच्या दिवसांत हीच छोटी गाडी वारकऱ्यांना पंढरपूरला नेत असे. १९५४ साली सरकारनं कंपनी ताब्यात घेतली आणि २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत सगळी लाईन टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. सोय झाली, हे खरंच. लातूरहून मुंबईला थेट गाडी जाते ती त्यामुळेच.

पण अडीच फुटी रुळावरची ती गाडी आता कुठेही धावत नाही. इंजिनाचे फोटो मिळतात, नकाशे मिळतात. मात्र कुठल्या वळणावर वेग कमी करायचे, कुठल्या चढावर गाडी रखडायची, कुठल्या स्टेशनवर पाणी भरायचं, हे कागदावर फारसं नसतं. ते त्या गाड्यांवर काम केलेल्या माणसांना ठाऊक असतं, आणि ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. सिम्युलेटरमध्ये अरुंद रूळ, हलके डबे, वाफेचं इंजिन हे सगळं बनवता येतं. चढाचे आकडे भरले की गाडी कुठे रखडेल ते गणित स्वतः सांगतं, आणि आजोबांना समोर बसवलं तर ते बरोबर आहे की नाही ते सांगतील.

शाळा-कॉलेजात स्टॉल लावायचा असेल तर

खर्चाचा बाऊ करू नका. एक बऱ्यापैकी विंडोज लॅपटॉप, कॉलेजचा प्रोजेक्टर आणि एक स्पीकर पुरतो. ओपन रेल्स मोफत आहे, रूट वेगळा डाउनलोड करावा लागतो. ‘रेलड्रायव्हर’ नावाचं खऱ्या हँडलांसारखं कंट्रोलर मिळतं, पण ते परदेशी आणि महाग. कीबोर्डनं भागतं. ‘डी’ नं पॉवर वाढते, ‘ए’ नं कमी होते, ब्रेकसाठी अर्धविरामाची आणि तिच्या शेजारची अशा दोन की. कीबोर्डवर रंगीत कागद चिकटवा म्हणजे पहिल्यांदा बसणारा गोंधळत नाही. एफ-५ दाबलं की माहितीचा तक्ता येतो, शिफ्ट धरून पुन्हा दाबत गेलात की ब्रेक पाईपचा दाबही दिसतो. तो प्रोजेक्टरवर राहू द्या, रांगेतल्यांनाही बघायला मिळतं.

अख्खा प्रवास कुणाला देऊ नका. रांग हलत नाही आणि बसलेल्यालाही पाच मिनिटांनी कंटाळा येतो. गाडी स्टेशनच्या दीड किलोमीटर अलीकडे, ताशी ७० च्या वेगात असताना सेव्ह करून ठेवा. प्रत्येकानं तिथून सुरुवात करायची आणि प्लॅटफॉर्मच्या खुणेवर थांबवायची. खुणेपासून किती मीटर चुकलं ते फळ्यावर लिहा, नावासकट. दोन मिनिटांत एकाची पाळी संपते. बहुतेक जण पहिल्यांदा प्लॅटफॉर्म ओलांडून जातात. दुसऱ्यांदा घाबरून अर्धा किलोमीटर अलीकडेच थांबतात. मग ते पुन्हा रांगेत उभे राहतात.

शेजारी एक खुर्ची रिकामी ठेवा. परळी, पूर्णा, कुर्डुवाडी ही रेल्वेची जुनी गावं, आणि तिथे लोको पायलट, गार्ड (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर), फिटर, पॉइंट्समन म्हणून निवृत्त झालेले काका-आजोबा भेटतात. ओळखीनं एखाद्याला बोलवा. बसायला सांगा, गाडी चालवायला सांगा आणि त्यांच्या परवानगीनं फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. ‘तुमच्या वेळच्या आठवणी सांगा’ असं म्हटलंत तर पाच मिनिटांत विषय संपेल. ‘इथे ब्रेक कधी लावायचा?’ असं विचारा, मग ते तुमच्या गेममधल्या चुका दाखवायला लागतील, आणि तेच रेकॉर्ड करायचं आहे. फाइलला तारीख, गाव आणि मार्गाचं नाव द्या, दोन ठिकाणी कॉपी ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवलं म्हणजे जपलं असं समजू नका, तिथे व्हिडिओचा दर्जा कमी होतो आणि फोन बदलला की शोधाशोध सुरू होते.